काही नाही, फ्यूज असेल

‘गाडीत मोबाईल चार्ज होत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी दारात उभं राहिलं, की फ्यूजकाकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते नातीच्या बारशालाही पसरलं नव्हतं, असं घरचेच सांगतात. तक्रार पुरती ऐकून घ्यायची त्यांची रीत नाही. ‘चार्ज’ एवढा शब्द कानावर पडला की चष्मा नाकावरून कपाळावर चढतो, तर्जनी हवेत जाते आणि निदान बाहेर पडतं, “काही नाही हो, फ्यूज असेल.”

निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

फ्यूजकाका हे एका माणसाचं नाव नव्हे. ते कोथरूडला आहेत, डोंबिवलीला आहेत, नाशिकला आहेत आणि इंदूर-बडोद्याच्या मराठी वस्त्यांतही आहेत. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी एसटीच्या हिशेब खात्यातून, कुणी तीस वर्षं भूगोल शिकवून. वीज मंडळातून निवृत्त झालेले या पंथात सहसा दिसत नाहीत. जन्मभर तारा हाताळल्यावर रविवारीही ताराच बघाव्यात, असं त्यांना वाटत नाही. पंथात शिरायला दोनच गोष्टी लागतात. गाडी पंधरा वर्षांहून जुनी हवी आणि ती विकायचा विषय काढणाऱ्याशी अबोला धरायची तयारी हवी.

कोथरूडच्या काकांची गाडी २००४ सालची, रुपेरी, चार दारांची आणि काकांच्या मते अजून ‘रनिंग-इन’मध्ये असलेली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. काकांनी २०१९ साली पहिलं नूतनीकरण केलं तेव्हा त्याची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. २०२४ साली काकांनी तीही भरली आणि आरटीओतून ते मुलाच्या इंजिनीअरिंगची फी भरल्यासारखे ताठ मानेने बाहेर पडले. खरा मुलगा अमेरिकेत असतो. दर व्हिडिओ कॉलला तो म्हणतो, “बाबा, विकून टाका आता ती.” काका उत्तर देत नाहीत. फोन खिडकीबाहेर धरून त्याला खाली उभी असलेली गाडी दाखवतात.

काकांचं शस्त्रागार एका गोल पत्र्याच्या डबीत मावतं. डबी मूळची काकूंची, बटणांची. आता बटणं जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात गेली आहेत आणि डबीत फ्यूज राहतात. प्लास्टिकचं रंगीत डोकं, खाली दोन चपटे पाय आणि मध्ये दिसेल न दिसेल अशी धातूची कमान. तपकिरी म्हणजे साडेसात अँपिअर, लाल दहा, निळा पंधरा, पिवळा वीस, हिरवा तीस. गाडी जपानी असो, कोरियन असो की पिंपरीची, रंगांचा हिशेब बदलत नाही. हे कोष्टक काकांनी पाढ्यासारखं पाठ केलंय. मागच्या दिवाळीत नात रांगोळीत रंग भरत होती, तिने निळा उचलला आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, “पंधरा.”

डबीशेजारी टेस्टिंगचा बल्ब. जुन्या इंडिकेटरचा बल्ब, होल्डरला दोन वायरी, एकीच्या टोकाला दातेरी चिमटा, दुसरीच्या टोकाला दाभण. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला मल्टिमीटरही आहे, पण त्याच्यावर काकांचा फार विश्वास नाही. का नाही, हे ते कुणालाही उभ्या-उभ्या पटवून देतात आणि त्यात ते चुकत नाहीत. वायरीतला एकच तंतू शाबूत राहिला असेल तरी मीटर इमानेइतबारे बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळपास लागतच नाही. बल्बला करंट खावा लागतो. वायर खंगलेली असेल तर तो मिणमिणतो आणि पितळ उघडं पडतं. “मीटर म्हणजे बघायला आलेला पाहुणा,” काका म्हणतात, “सगळं छान-छान म्हणून जातो. बल्ब म्हणजे घरात आलेली सून.” हे वाक्य काकू घरात नसतानाच येतं.

ज्या जागेवरून हे सगळं चालतं तिच्या नावावर सोसायटीत एकमत नाही. काकू तिला ‘चार्जिंगचं भोक’ म्हणतात, गाड्या पुसणारा पोरगा ‘लायटर’ म्हणतो, चौथ्या मजल्यावरचा आयटीतला तरुण ‘सॉकेट’ म्हणतो. काका मात्र ‘सिगार लायटर सॉकेट’ असं पूर्ण नाव घेतात आणि नाव घेतलं की इतिहास आलाच. गाडीत बसल्या-बसल्या सिगार पेटवता यावी म्हणून हे भोक जन्माला आलं. पूर्वीच्या लायटरला लांब वायर असे. ती ओढत तोंडापर्यंत न्यायची. १९२१ साली अमेरिकेत जोशुआ मॉरिस नावाच्या गृहस्थांनी वायरीशिवाय सुटा निघणाऱ्या लायटरचं पेटंट मिळवलं. दाबला की तापायचा आणि पुरेसा तापला की आपण होऊन ‘टक’ करून बाहेर यायचा, ही सुधारणा त्यानंतरची.

आपल्याकडे या भोकाला खरा रोजगार मिळाला तो मोबाईलमुळे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन लावला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत बारीक पिनेचा चार्जर प्रत्येक गाडीत लोंबायला लागला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढायला बंदी आली. हळूहळू नव्या गाड्यांतून ॲशट्रे गेला, लायटर गेला. भोक मात्र राहिलं. जुन्या वाड्यात पणतीसाठी केलेल्या कोनाड्यात आता वायफायचा डबा बसतो, तसं.

त्याची रचना मात्र सिगारेटचीच राहिली. साधारण २१ मिलिमीटर व्यासाची धातूची वाटी. वाटीची भिंत म्हणजे अर्थ, तळाशी मधोमध पॉझिटिव्ह. दोघांत बोटभराचंही अंतर नाही आणि वर झाकण असलंच तर पहिल्या वर्षी तुटलेलं. चोवीस तास तोंड उघडं टाकून बसलेली दुसरी कुठलीही वायरिंग घरात कुणी ठेवून घेणार नाही. गाडीत चालतं, कारण बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. शॉर्ट मात्र होतो.

काकांच्या नावावर जमा असलेल्या केसेस बऱ्याच आहेत. बी विंगमधल्या बाईंनी टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप लावला आणि फ्यूज उडाला. तसला पंप दहा अँपिअर सहज ओढतो आणि त्यांच्या गाडीत फ्यूजच दहाचा होता. एका डॉक्टरांच्या गाडीत काकांनी फ्यूज तीनदा बदलला, तिन्हीदा तो धडधाकट होता. शेवटी कळलं की चार्जरच्या टोकाची फिरकी उघडली की आत काचेचा एक इवलासा फ्यूज असतो आणि गेला होता तो. काकांनी हार मानली नाही. “शेवटी फ्यूजच ना?” एकांच्या गाडीत तर काहीच बिघडलं नव्हतं, किल्ली पहिल्या खाचेपर्यंत फिरवल्याशिवाय त्या भोकात करंट येतच नाही, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी काका फार निराश होऊन घरी परतले होते.

गॅरेजवाल्या वायरमनशी काकांचं जमत नाही. वायरमनकडे बल्ब तोच, दाभण तीच. फक्त त्याला बोलायला वेळ नसतो. “ठेवून जा, संध्याकाळी बघतो,” एवढ्यावर तो उरकतो. काकांचं म्हणणं, काय झालं होतं ते कळायला नको? वायरमनचं म्हणणं, झालं ना चालू?

तर, श्रावणातला एक रविवार. सोमवारी कोल्हापूरला जायचं ठरलेलं. काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवत सांगितलं, “गेल्या खेपेला कराडच्या पुढे माझा फोन मेला. ते चार्जिंगचं भोक बंदच आहे. आणि गाणीही लागत नाहीत.” गाणी लागत नाहीत हे काकांना महिनाभर कळलं नव्हतं. ते गाडी चालवताना इंजिन ऐकतात.

पण दोन गोष्टी एकदम बंद, हे ऐकताच ते पोहे अर्धे टाकून उठले. टेप आणि लायटर एकाच फ्यूजवर असणं हे बऱ्याच जुन्या गाड्यांत असतं. “काही नाही,” ते चपला शोधत म्हणाले.

“फ्यूज असेल,” काकूंनी वाक्य पुरं केलं आणि बशी झाकून ठेवली.

साडेसातला काका पार्किंगमध्ये हजर. फुल पॅन्टीची केलेली अर्धी पॅन्ट, बँकेचं नाव अर्धवट पुसलेला टी-शर्ट, बगलेत डबी. फ्यूजबॉक्स स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याच्या वर. तो बघायचा म्हणजे माणसाला सीटवर पोट, क्लचवर डोकं आणि दाराबाहेर पाय अशी मांडणी करावी लागते. सोसायटीतल्या नव्या भाडेकरूंना काका चेहऱ्याने ओळखू येत नाहीत, पोटऱ्यांनी येतात. दूधवाला, पेपरवाला, सेक्रेटरी सगळे त्या पायांशीच बोलतात आणि आतून खाली मान घातलेलं उत्तर येतं.

फ्यूजबॉक्सच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. वीस वर्षांत काकांनी पुसून-पुसून त्यातली अक्षरं घालवली आहेत, पण त्यांना तो तोंडपाठ आहे. प्लास्टिकच्या चिमट्याने त्यांनी निळा फ्यूज ओढला, उजेडात धरला. कमान तुटलेली, प्लास्टिकवर आतून काजळाचा ठिपका.

“बघा!” असं ते मोठ्याने म्हणाले. बघायला तेव्हा फक्त वॉचमन होता. त्याने बघितलं.

डबीत निळे तीन होते. पहिला बसवला, किल्ली फिरवली. आतून बारीक ‘टिक’. फ्यूज गेला. दुसरा बसवला. किल्ली. टिक. दुसरा साधा माणूस इथे वैतागला असता. काका हळूहळू सीटवरून उठून बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. नुसता गेलेला फ्यूज म्हणजे सर्दी. बसवल्या-बसवल्या जाणारा फ्यूज म्हणजे कुठेतरी पक्का शॉर्ट. रविवार सार्थकी लागला होता.

इथपर्यंत माणसं जमली होती. चौथ्या मजल्यावरचा तरुण हातात कॉफीचा मग घेऊन म्हणाला, “काका, पंधरा टिकत नाही तर तीसचा टाका ना. व्हिडिओत एकाने तसंच केलं होतं.”

काकांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. “बाळा, वायर पंधराच्या हिशेबाने घातलेली असते. तीसचा टाकलास तर फ्यूज उडणार नाही. वायर तापेल, वरचं प्लास्टिक वितळेल, शेजारच्या वायरींना चिकटेल आणि डॅशबोर्डमधून धूर निघाल्यावर तू मला फोन करशील. पूर्वी लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे फ्यूजला. गाड्या जळायच्या.” तरुणाने मग पाठीमागे नेला, जणू सूचना मगाने केली होती.

डबीत निळा एकच उरला होता. तो असा-तसा खर्ची घालायचा नव्हता. आता काकांनी जे केलं ते मात्र दाद देण्यासारखं होतं. फ्यूजच्या रिकाम्या खाचांत त्यांनी टेस्टिंगच्या बल्बची दोन टोकं खोचली. म्हणजे फ्यूजच्या जागी बल्ब. शॉर्ट असेल तोवर सगळा करंट बल्बातून जाणार आणि बल्ब लख्ख पेटणार, पण वायरीला इजा नाही, कारण एकवीस वॅटचा बल्ब दोन अँपिअरसुद्धा जाऊ देत नाही. मग एकेक वस्तू सोडवत जायची. जी सोडवल्यावर बल्ब विझेल ती गुन्हेगार. एकही फ्यूज न जाळता शॉर्ट शोधायची ही पद्धत जुने वायरमन वापरतात, हे काकांनी सगळ्यांना सांगितलं. जुने वायरमन ती वापरण्यापूर्वी काय करतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

किल्ली फिरवली. सीटखाली लोंबणारा बल्ब सणासारखा पेटला.

पहिला संशय टेप बसवणाऱ्यावर. २००९ साली मूळचा टेप काढून दुसरा बसवला होता, तेव्हा त्या माणसाने कंपनीच्या वायरी कापून हाताने पिळल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. काकांनी ते त्याच दिवशी मनात नोंदवून ठेवलं होतं. पंधरा वर्षांहून अधिक काळ एखाद्यावर संशय जपून ठेवायचा आणि तो खरा ठरायची वेळ यावी, यापरतं सुख नाही. पट्टी निघाली, स्क्रू निघाले, टेप बाहेर आला, मागची गुंतवळ दिसली. काकांनी जोड सोडवला. बल्ब तसाच लख्ख.

दुसरा संशय उंदरांवर. पुण्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्याच्या तक्रारी घरोघर आहेत आणि त्यावर बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधायचा उपाय वॉचमनपासून सर्जनपर्यंत सगळे सांगतात. सुपारीचंही व्यसन नसलेल्या काकांच्या गाडीत दरमहा ताजी तंबाखू असते. बॉनेट उघडलं, पुरचुंडी जागेवर, वायरी शाबूत. बल्ब लख्ख.

तिसरा संशय पाण्यावर. श्रावणातला पाऊस काचेखालच्या जाळीतून झिरपतो, पालापाचोळ्याने पन्हळ तुंबते, पाणी गालिच्याखाली जातं आणि अर्थच्या नटावर गंज चढतो. गालिचा उचलला. खाली कोरडं, फक्त एक चिंचेची गोळी, २०१० सालचं पार्किंगचं पावतीपुस्तक आणि काकूंचा हरवलेला डूल. डूल सापडल्याची बातमी वर पोचवली गेली. खाली उतरलेला चहा त्यामुळे चांगल्या कपांतून आला.

साडेनऊ वाजले. गाडीचं आतलं अर्धं सामान आता वर्तमानपत्रावर मांडलेलं होतं. गिअरभोवतीचा कन्सोल निघाला होता, टेप वायरींवर लोंबत होता, स्क्रू चहाच्या बशीत. सेक्रेटरींनी येऊन विचारलं, “काका, एखाद्या माहितगाराला बोलवायचं का?” त्यावर काका काहीच बोलले नाहीत, फक्त स्क्रूंची बशी त्यांच्या पायापासून दूर सरकवली. सगळे पुढे काय करायचं याच्या चर्चेत बुडाले. कुणी म्हणालं बॅटरी काढा, कुणी म्हणालं कंपनीत न्या. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढायची, नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला तर ठिणग्या उडतात, हे काकांनी एवढ्यातही सांगून घेतलं.

गाड्या पुसणारा पोरगा मघापासून बादली घेऊन पलीकडे उभा होता. हे सगळे हलल्याशिवाय त्याला शेजारची गाडी पुसता येत नव्हती. शेवटी त्याने विचारलं, “काका, झालं काय?”

“लायटर बंद आहे रे.”

“तो गेंडावाला?”

चर्चा थांबली. “कसला गेंडा?”

“लायटरच्या आत गेंडा आहे ना. महिना झाला, रोज पुसताना बघतो मी. मला वाटलं कंपनीचा मार्क असेल.”

काकांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या भोकात डोकावून पाहिलं. तळाशी, एका कडेला किंचित कललेला, पोलादी अंगाचा गेंडा त्यांच्याकडे शांतपणे बघत होता. पंचवीस पैशांचं नाणं. पावली.

तीस जून २०११ पासून पावली चलनातून बाद झाली. त्याआधीही ती कुणी घेत नव्हतं. पण गेंड्याची पावली १९ मिलिमीटर व्यासाची आणि भोक २१ मिलिमीटरचं. इतकं मापात बसणारं दुसरं काही गाडीत सापडलं नसतं. तळाशी ती पॉझिटिव्हवर टेकली होती आणि उतारामुळे कडेने वाटीच्या भिंतीला लागली होती. पॉझिटिव्ह आणि अर्थ यांचा तिने परस्पर साखरपुडा उरकला होता. पावली तिथे गेली कशी, याचा शोध लावायला फार डोकं लागत नव्हतं. भोकाच्या बरोबर वर ॲशट्रे. काकांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, त्यामुळे त्यात पहिल्या दिवसापासून चिल्लर, टोलनाक्यासाठी. १६ फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा नाक्यावर सुट्टे मोजायचं काम संपलं, पण चिल्लर काढावी असं कुणाच्या मनात आलं नाही. ट्रे गच्च भरलेला, त्याचा कप्पा अर्धा बोट बाहेरच राहतो. गेल्या महिन्यात सोसायटीने फाटकाशी नवा गतिरोधक केला. काकांनी त्याच्या उंचीबद्दल सेक्रेटरींना पत्रही लिहिलं होतं, ते वेगळ्या कारणासाठी.

“काढा पेचकस घालून,” कुणीतरी म्हणालं.

“कुणी काही घालणार नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

पावली फेरिटिक स्टेनलेस स्टीलची. तिला लोहचुंबक धरतो. काकूंच्या शिवणाच्या पेटीत सांडलेल्या सुया उचलायचा गोळीएवढा चुंबक असतो. तो वरून दोरीला बांधून खाली सोडण्यात आला. काकांनी तो आइसकांडीच्या काडीच्या टोकाला चिकटवला आणि काडी भोकात घातली. पहिल्या खेपेला चुंबक वाटीच्या भिंतीलाच चिकटला. दुसऱ्या खेपेला पावली उचलली, अर्ध्यावर आली, निसटली. सीटखालचा बल्ब क्षणभर विझला आणि पुन्हा पेटला. सगळ्यांच्या तोंडून एकदम ‘अरेऽ’ निघालं. बल्ब मुद्दाम लावूनच ठेवला होता. पावली खरोखर सुटली की तोच सांगणार होता. तिसऱ्या खेपेला काकांनी श्वास रोखला. वॉचमनने फाटक सोडलं. काडी वर आली, टोकाला गेंडा, आणि बल्ब विझला तो विझलाच.

तरुणाने टाळ्या वाजवल्या. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं, कारण अजून चाचणी बाकी होती.

डबीतला शेवटचा निळा फ्यूज खाचेत बसला. टिक झालं नाही. आता काहीतरी लावून बघायचं, तर चार्जर वर, आणि तो आणायला कुणी जायच्या आत काकांनी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आतून त्यांनी २००४ सालच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, गाडीबरोबर आलेला, आजवर एकदाही न वापरलेला मूळ लायटर काढला. फोनचा चार्जर जेमतेम अँपिअरभर मागतो. लायटरची कॉइल आठ-दहा अँपिअर ओढते. वायर, फ्यूज, अर्थ यांची याहून कडक परीक्षा नाही. काकांनी लायटर दाबला. आठ माणसं एका भोकाकडे बघत उभी राहिली. दहा सेकंद, बारा, पंधरा. वीस वर्षांच्या धुळीचा जळका वास आला.

टक.

काकांनी लायटर काढून वर धरला. आत लाल वेटोळं पेटलं होतं. ते त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवलं, निरांजन फिरवावं तसं, आणि एकाने खरंच हात पुढे केला.

“म्हणजे फ्यूज नव्हता,” तरुण म्हणाला.

“नव्हता कसा? गेला होता ना. तीन गेले.” काकांनी जळलेले तिन्ही फ्यूज तळहातावर मांडले. “पावलीचं निदान याने केलं,” त्यांनी बादलीवाल्या पोराकडे मान हलवली, “पण फ्यूज मी आधीच सांगितला होता.” पोरगा तोवर पलीकडच्या गाडीचा आरसा पुसायला लागला होता.

सगळं परत जागेवर जायला दीड तास लागला. एक स्क्रू उरला. गाडी सुटी करून परत जोडली की एक स्क्रू उरतोच, तो कंपनीने जास्तीचा दिलेला असतो, असा काकांचा सिद्धांत आहे. घड्याळ एक वाजल्याचं दाखवत होतं. काकूंनी खाली येऊन गाणं लावून बघितलं, चार्जर लावून बघितला, मान डोलावली आणि प्रवासाच्या पिशवीत बुधवारीच विकत आणलेली पॉवरबँक दिसणार नाही अशी आत सारली.

पार्किंग रिकामं झालं. काकांनी गालिचा झटकला, काच पुसली, किल्ली काढली. मग चुंबकाला चिकटलेली पावली त्यांना आठवली. त्यांनी ती काडीवरून सोडवली, टी-शर्टला दोन्ही बाजूंनी नीट पुसली, गेंड्याची बाजू वर केली आणि ॲशट्रेमध्ये बाकीच्या चिल्लरीवर ठेवून कप्पा लोटला. तो अर्ध्या बोटावर अडला. काकांनी आणखी एकदा लोटून बघितला आणि दार लावून पोहे खायला वर गेले.